भारोत्तोलकातील गृध्रसी : वेदनाशमन आणि त्यापुढील कर्तव्य

प्रस्तावना

व्यायामशाळेत वाढलेला, विशी-पंचविशीतील, बळकट बांध्याचा तरुण एका अंगास झुकून, कमरेवर हात ठेवून चिकित्सालयात येतो. आठ दिवसांपूर्वी जमिनीवरून वजन उचलताना कमरेत काहीतरी तुटल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठवेना आणि नितंबापासून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाऊ लागली. चौथ्या व पाचव्या कटिकशेरुकांमधील गादी मागे सरकल्याचा एम.आर.आय. अहवाल त्याच्या हाती असतो. आपण नाडीवर बोटे ठेवण्यापूर्वीच तो विचारतो, "डॉक्टर, स्पर्धा आठ आठवड्यांवर आली आहे. तोवर वजन उचलता येईल ना?"

हे कोणा एका रुग्णाचे वृत्त नव्हे. अशा रुग्णांचे हे प्रातिनिधिक चित्र आहे. त्या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्यावर दुहेरी जबाबदारी येते. वेदना थांबली म्हणजे व्याधी बरा झाला असे भारोत्तोलकाच्या बाबतीत मानता येत नाही; आणि जे औषध वेदना लवकर थांबवते, तेच कधी कधी त्याची क्रीडाकारकीर्द संपवू शकते. या दोन मुद्द्यांचा चिकित्सक आणि औषधी विक्रेते अशा दोघांच्याही दृष्टीने विचार करण्याचे सदर लेखात योजिले आहे.

हेतुविचार

चरकसंहितेच्या निदानस्थानातील सहाव्या अध्यायात शोषाच्या चार हेतूंमध्ये 'साहस' प्रथम सांगितले आहे. आपल्या बळाचा विचार न करता बलवानाशी झुंजणे, अतिमोठे धनुष्य ओढणे, अतिमात्र भार वाहणे ही त्याची तेथील उदाहरणे होत. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात, अशा गोष्टींचे अतिसेवन करणारा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, असे म्हटले आहे. या दृष्टांतात सिंह दुर्बल नाही, हे ध्यानात घ्यावे. तो बलवान आहे आणि म्हणूनच त्याला आपली मर्यादा कळत नाही. भारोत्तोलकाची अवस्था नेमकी हीच असते.

केवळ भार हा एकच हेतू मानणे मात्र अपुरे ठरेल. भारोत्तोलनात वजनगट असतात आणि वजनमापन स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होते. गटात बसण्यासाठी अनेक खेळाडू आदल्या काही दिवसांत आहार तोडतात, पाणी कमी करतात, घाम काढतात. लंघन, रूक्षता, तृष्णानिग्रह, प्रवासातील रात्रीचे जागरण आणि लगेच त्यावर पराकोटीचा भार अशी वातप्रकोपाची सर्व सामग्री येथे एकत्र येते. यास्तव रुग्णास 'किती वजन उचलले' एवढेच न विचारता 'त्या आठवड्यात काय खाल्ले, किती झोप झाली, मलप्रवृत्ती कशी होती' हेही विचारावे.

वेळेचाही विचार हवा. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे सकाळी उठल्यावर पहिल्या तासाभरात कमरेतून वाकल्यास गादीवर येणारा ताण दिवसाच्या इतर वेळेपेक्षा अधिक असतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्नूक व सहकाऱ्यांच्या अभ्यासात, सकाळच्या वेळी कमरेतून वाकणे टाळल्याने जुनी कंबरदुखी कमी झाल्याचे आढळले. पहाटे उठून लगेच जोर-बैठका व वजने उचलण्याची आपल्याकडील तालमीची रीत या व्याधीत काही काळ तरी बाजूस ठेवणे इष्ट.

संप्राप्ती आणि लक्षणे

गादीच्या मध्यभागी मृदू गर व भोवती तंतुमय वलय असते. प्रौढ वयात गादीच्या अंतर्भागास रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण शेजारच्या अस्थिपृष्ठातून झिरपणाऱ्या रसावर चालते. त्यामुळे तिची झीज भरून येण्यास दीर्घ काळ लागतो. वाकलेल्या कमरेवर वारंवार भार आल्याने वलय विदीर्ण होते, गर मागे सरकतो आणि नाडीमूळ दाबले जाते वा तेथे शोथ उत्पन्न होतो. गादीचा हा विकार व पायात जाणारी वेदना यांचा संबंध मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९३४ मध्ये स्पष्टपणे मांडला.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २८व्या अध्यायात स्फिक्, कटी, पृष्ठ, ऊरू, जानू, जंघा व पाद असा वेदनेचा क्रम देऊन गृध्रसीचे वातज व वातकफज असे दोन भेद केले आहेत. तंद्रा, गौरव व अरोचक ही वातकफज प्रकाराची विशेष लक्षणे. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पहिल्या अध्यायात पाय वर उचलण्याची क्रिया अडणे हे लक्षण सांगितले आहे. रुग्णास उताणे निजवून सरळ पाय वर उचलण्याची जी परीक्षा आज सर्वत्र केली जाते, तिचे बीज या वर्णनात दिसते. प्रत्येक गृध्रसी गादीमुळेच होते असे मात्र नाही; भारोत्तोलकात मणक्याच्या कमानीचा अस्थिभंग अथवा नितंबातील पेशींचा दाब यांचाही विचार करावा लागतो.

परीक्षण

अहवालापेक्षा रुग्ण महत्त्वाचा. १९९४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कंबरदुखीची तक्रार नसलेल्या ९८ व्यक्तींची एम.आर.आय. तपासणी केली असता ५२ टक्के व्यक्तींत किमान एका ठिकाणी गादी फुगलेली आणि २७ टक्के व्यक्तींत ती बाहेर डोकावणारी आढळली. म्हणून प्रतिमेत दिसणारी विकृती आणि रुग्णाची वेदना, स्पर्शज्ञान व बल यांचा मेळ बसतो का, हे पाहणे अत्यावश्यक ठरते.

पाच मिनिटांत होणारी पुढील परीक्षा प्रत्येक भेटीत करून नोंदवावी. रुग्णास टाचांवर चालवावे. पंजा व अंगठा वर उचलण्याचे बल पाचव्या कटिनाडीमुळावर अवलंबून असते. एका पायाच्या चवड्यावर अनेकदा उभे राहावयास सांगावे. हे बल, तसेच घोट्यामागील कंडरेची प्रतिक्षिप्त क्रिया, पहिल्या त्रिकनाडीमुळाची स्थिती दर्शवते. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया व गुडघा ताठ करण्याचे बल यांवरून वरच्या नाडीमुळांचा अंदाज येतो. पाय किती अंशांपर्यंत उचलता आला, तेही लिहावे.

येथे एक धोका विशेषत्वाने सांगावासा वाटतो. वेदना पायातून वर सरकून कमरेपुरती राहिली व बल कायम असेल, तर ते सुचिन्ह होय. परंतु वेदना कमी होत असताना पंजा अधिकाधिक खाली पडू लागला, तर ती सुधारणा नव्हे. नाडीमूळ निकामी होत असल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी 'औषध लागू पडले' असे समजून थांबणारा वैद्य रुग्णाचा पाय गमावण्याचा धोका पत्करतो.

तात्काळ पाठवावयाचे रुग्ण

मूत्र अडणे वा नकळत होणे, मलाचा वेग न कळणे, गुदद्वार व जननेंद्रियाभोवतीची त्वचा बधिर होणे, दोन्ही पायांत एकाच वेळी वेदना वा दुर्बलता येणे यांपैकी काहीही आढळल्यास एक दिवसही न दवडता रुग्णास शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. ही आत्ययिक अवस्था असून तिच्यात काही तासांचा विलंबही कायमचे वैगुण्य ठेवून जाऊ शकतो. झपाट्याने वाढणारे बलहानीचे लक्षण, ज्वर, अकारण वजन घटणे किंवा रात्री विश्रांतीतही न थांबणारी वेदना असल्यासही सखोल तपासणी आवश्यक. अशा रुग्णावर कटिबस्ती वा मर्दन सुरू करणे हा अपराध ठरेल. कमरेस जोराने हिसका देऊन 'गादी बसवण्याचा' प्रयोग तर कोणत्याच रुग्णात करू नये व करू देऊ नये.

चिकित्सा

उर्वरित बहुसंख्य रुग्णांत काळ हा आपला सहायक असतो. बाहेर आलेल्या गराचा भाग शरीर कित्येकदा स्वतःच शोषून घेते. सहा ते बारा आठवडे तीव्र वेदना असलेल्या २८३ रुग्णांवरील नेदरलँड्समधील अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रकर्म केलेल्यांना वेदनेतून लवकर मुक्तता मिळाली. परंतु एका वर्षाअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्णांनी बरे वाटत असल्याचे सांगितले. प्रथम शस्त्रकर्म न करण्याचे ठरलेल्या गटातील ३९ टक्के रुग्णांना पुढे ते करावे लागले, हेही तितकेच सत्य आहे. तेव्हा शस्त्रकर्माची भीती घालणे अथवा ते टाळण्याची हमी देणे, दोन्ही अयोग्य.

पहिली अवस्था : रुग्ण बलवान, आहार गुरू व स्निग्ध, अंग जड, जिव्हा साम असेल तर आरंभीच तेल ओतू नये. दीपन-पाचन व रूक्ष स्वेद द्यावा. शुंठीयुक्त रास्नासप्तक क्वाथ येथे उपयुक्त ठरतो. गृध्रसीत पारिजातकाच्या पानांचा क्वाथ चक्रदत्ताने सांगितला आहे. तो मंद आचेवरच सिद्ध करावा, असा त्याचा विशेष निर्देश आहे. औषधी विक्रेत्यांनीही रुग्णास ही सूचना अवश्य द्यावी. बधिर त्वचेवर स्वेद देताना रुग्णाच्या सांगण्यावर विसंबू नये. भाजल्याचे त्याला कळत नाही. पूर्ण शय्याविश्रांती एक-दोन दिवसांहून अधिक नको. सपाट जागी थोडे थोडे चालणे हितकर.

दुसरी अवस्था : निरामता आल्यावर बस्ती हेच प्रधान कर्म. उडदाच्या पिठाचे पाळे करून त्यात कोमट तेल धरण्याच्या उपक्रमास कटिबस्ती म्हणतात. त्याने पेशींचा ताठरपणा कमी होतो, परंतु तो बाह्य स्नेह-स्वेद आहे. गुदमार्गे दिलेल्या बस्तीची जागा तो घेऊ शकत नाही. नावाच्या साम्यामुळे रुग्णांचा, आणि क्वचित आपलाही, गोंधळ होतो. एरंडमूलादि निरूह व सहचर वा बला तेलाचे अनुवासन अशी ८ बस्तींची योगबस्ती द्यावी. त्यात ५ अनुवासन व ३ निरूह येतात. निरूह सिद्ध करताना मध, सैंधव, स्नेह, कल्क व क्वाथ हा मिश्रणाचा क्रम मोडू नये.

ज्यांना चिकित्सालयात राहणे शक्य नाही, त्यांच्यासाठी मात्राबस्ती आहे. सिद्धिस्थानाच्या चौथ्या अध्यायात चरकाचार्यांनी कर्म, व्यायाम, भार व मार्गक्रमण यांनी कृश झालेल्यांना मात्राबस्ती हितकर सांगितली आहे. व्यायाम आणि भार हे दोन्ही शब्द तेथे एकत्र यावेत, हे भारोत्तोलकाच्या वैद्यास मार्गदर्शकच होय. सुमारे ६० मिलिलिटर कोमट तेल, भोजनानंतर, डाव्या कुशीवर निजवून द्यावे. या कालावधीत मलावष्टंभ होऊ देऊ नये. कुंथल्याने गादीवरील दाब व वेदना दोन्ही वाढतात.

त्रयोदशांग गुग्गुळ हा या अवस्थेतील नेहमीचा कल्प. बाहेरून वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का, हे विचारूनच तो द्यावा, कारण अशा रुग्णांच्या जठरावर आधीच ताण आलेला असतो. अग्निकर्म व सिरावेध हे चरकोक्त उपक्रम प्रशिक्षित हातांनीच करावेत.

तिसरी अवस्था : बृंहण. बला, अश्वगंधा, क्षीर, घृत, उडीद यांचा अग्निबल पाहून उपयोग करावा. ही अवस्था रुग्णास अनावश्यक वाटते, कारण वेदना थांबलेली असते. परंतु वलयाचे संधान आता कुठे सुरू झालेले असते.

खेळाडूस औषध देताना

हा मुद्दा आपल्या वर्तुळात क्वचितच चर्चिला जातो. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूच्या मूत्रात वा रक्तात निषिद्ध द्रव्य आढळल्यास, ते औषध म्हणून घेतले होते वा वैद्याने दिले होते, एवढ्यावर त्याची सुटका होत नाही. आपल्या शरीरात काय गेले, याचे उत्तरदायित्व खेळाडूवरच असते. भारतात २००५ मध्ये राष्ट्रीय उत्तेजकद्रव्यविरोधी संस्था, म्हणजेच नाडा, स्थापन झाली आणि २०२२ मध्ये या विषयाचा स्वतंत्र कायदाही झाला.

गृध्रसीत वेदनाहर व नाडीबल्य म्हणून आपण सहज वापरतो तो कुचला येथे सर्वांत घातक. कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे द्रव्य जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेच्या यादीत उत्तेजकांच्या वर्गात असून स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. गोमूत्र, दुग्ध व घृत यांच्या शोधनाने त्याची मात्रा घटते, तथापि ते नाहीसे होत नाही. विषतिंदुक वटी व अग्नितुंडी वटी यांत कुचला आहे. अग्निमांद्यासाठी दिलेली दुसरी गोळी कोणाच्या ध्यानातही येत नाही. भांगयुक्त कल्पांचेही तसेच. जातीफलादि चूर्ण हे त्याचे परिचित उदाहरण. श्वासासाठी वापरली जाणारी सोमलता एफेड्रीनमुळे वर्ज्य समजावी.

ॲलोपॅथिक उपचारही यातून सुटलेले नाहीत. मणक्यात दिली जाणारी स्टेरॉइडची सुई २०२२ पासून, तर ट्रामाडोल २०२४ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. तेव्हा रुग्णाने अन्यत्र काय घेतले, याची नोंद ठेवावी. खऱ्या वैद्यकीय गरजेसाठी सवलत मागण्याची रीतसर पद्धत आहे. तो अर्ज खेळाडूने करावयाचा असतो व त्यास आपल्या लेखी नोंदींचा आधार लागतो.

औषधी विक्रेत्यांस आमची तीन मागणी आहेत. पहिली, कुचला, भांग, वत्सनाभ आदी द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ई (१) मध्ये आहेत. त्यांचे कल्प वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असल्याने ते मागेल त्यास देऊ नयेत. दुसरी, ज्यावर घटकांची पूर्ण सूची नाही असे 'संधिवातावरील पूड' वा 'कमरेची गोळी' दुकानात ठेवू नये. एका दिवसात चमत्कार दाखवणाऱ्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शंका प्रथम घ्यावी. ती सामान्य रुग्णाच्या अस्थी व वृक्क यांना घातक आहे आणि खेळाडूची कारकीर्दही संपवते. तिसरी, ग्राहक तरुण व व्यायामपटू दिसल्यास 'स्पर्धेत उतरता का' हा एक प्रश्न विचारावा. तो विचारण्यास खर्च नाही.

पुन्हा भाराकडे

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २४व्या अध्यायात व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगून, मुखाने श्वास सुरू होणे ही त्या मर्यादेची खूण दिली आहे. परतीच्या वाटेवर हा नियम अक्षरशः पाळावा. पाय दुसऱ्या पायाइतका उचलता येऊ लागला, बल समान झाले, शिंक वा खोकल्याने कळ जाईनाशी झाली, तरच भाराचा विचार करावा. प्रथम केवळ काठी पाठीवर धरून, कंबर न वाकवता नितंबातून झुकण्याचा सराव. नंतर रिकामी दांडी. पुढे जमिनीऐवजी गुडघ्याच्या उंचीवरील ठोकळ्यांवरून उचल. पूर्वीच्या कमाल भाराचा निम्मा भाग ही पुष्कळ काळ वरची मर्यादा मानावी. एका आठवड्यात भार, आवर्तने आणि उचलीची खोली यांपैकी एकच गोष्ट वाढवावी. वेदना पुन्हा गुडघ्याखाली उतरली तर एक पायरी मागे यावे. कमरपट्टा आधार देतो, पण तो बऱ्या न झालेल्या गादीस बरी करत नाही.

हा आराखडा प्रशिक्षकास लेखी द्यावा. आपण चिकित्सालयात जे जोडतो, ते व्यायामशाळेत एका हट्टाने तुटते, कारण प्रशिक्षकास आपण कधी विश्वासात घेतलेले नसते.

उपसंहार

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. त्याला स्पष्ट सांगावे : "ही स्पर्धा सोड, पुढील हंगामाची तयारी आपण मिळून करू." हे ऐकून तो खट्टू होईल, कदाचित एका दिवसात बरे करू म्हणणाऱ्या दुसऱ्या दारीही जाईल. तथापि आठ आठवड्यांत त्याला मंचावर उभे करण्यासाठी जे काही करावे लागेल, ते एक तर त्याच्या नाडीमुळास घातक ठरेल, नाही तर उत्तेजकद्रव्य चाचणीत त्यास अपात्र ठरवील. त्याला धीर देण्यास उदाहरणही आहे. मीराबाई चानू यांना कमरेच्या दुखापतीमुळे २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेस मुकावे लागले. २०२१ मध्ये टोकियो येथे त्यांनीच ४९ किलो वजनगटात एकूण २०२ किलो वजन उचलून ऑलिंपिक रौप्यपदक मिळवले. त्यांच्या दुखापतीचे स्वरूप व उपचार हा येथे विषय नाही. एक स्पर्धा सोडणे म्हणजे कारकीर्द सोडणे नव्हे, एवढेच त्यातून रुग्णास दाखवावयाचे.

वेदना शमवणे हे आपल्या चिकित्सेचे पहिले पाऊल होय. बल परत आले की नाही हे दर भेटीत पाहणे, दिलेली प्रत्येक मात्रा खेळाडूच्या दृष्टीने पारखणे आणि भाराकडे परतण्याची वाट आखून देणे ही पुढील पावले आहेत. ती आपण सर्वांनी, चिकित्सक व औषधी विक्रेते मिळून, उचलावीत, अशी सुज्ञ वाचकांस विनंती.